‘हिअर’ : एका क्रियापदाचा इतिहास

इंग्रजी भाषेंत श्रवणक्रियेस मुख्यतः दोन क्रियापदें आहेत : ‘हिअर’ व ‘लिसन’. शेजारची घंटा आपोआप कानीं पडते, तेथें ‘हिअर’ योजावें. मन एकाग्र करून गाणें ऐकावें, तेथें ‘लिसन’, असा सामान्य नियम सांगतात. परंतु न्यायाधीश खटला ऐकतो, तेथें इंग्रज मनुष्य ‘लिसन’ म्हणत नाहीं, ‘हिअर’च म्हणतो. नुसतें कानीं पडणें दर्शविणाऱ्या शब्दाला हा मान कां मिळावा, याचें उत्तर इतिहासांत आहे.

जुन्या इंग्रजींत या क्रियापदाचा अर्थ ‘लक्ष देणें’ व ‘आज्ञा मानणें’ असाही होता. ‘मुलगा ऐकत नाहीं’ असें मराठींत म्हणतात, तेव्हां मुलाच्या कानांत दोष आहे असें कोणी समजत नाहीं, तसेंच हें. पुढें १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें आणि कालांतरानें राजाच्या न्यायालयांत फ्रेंच भाषा रूढ झाली. फिरतीवर निघणाऱ्या न्यायाधीशांच्या अधिकारपत्रास ‘ऐकणें आणि निर्णय देणें’ या अर्थाच्या दोन फ्रेंच शब्दांचें नांव असे. आधीं श्रवण, मग निर्णय, हा क्रम त्यांत स्पष्ट होता. न्यायालयाचा पुकारा करणारा ‘ओयेझ’ असें ओरडे. त्याचाही अर्थ ‘ऐका’.

परंतु ज्या प्रजेस ‘ऐका’ म्हणून बजावावयाचें, तिला पुढचें फ्रेंच भाषण कळत नसे. म्हणून १३६२ सालीं तिसऱ्या एडवर्डच्या पार्लमेंटनें कायदा केला : आपल्या बाजूनें वा विरुद्ध काय बोललें जातें, तें पक्षकारांस समजत नाहीं, सबब युक्तिवाद इंग्रजींत व्हावा. नोंदी मात्र लॅटिनमध्यें ठेवाव्या. आणि खुद्द हा कायदा लिहिला गेला फ्रेंचमध्यें!

समजणें साधलें, तरी ऐकून घेण्याचें बंधन कोणावर, हा प्रश्न उरलाच. १७१८ सालीं केंब्रिज विद्यापीठानें ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख रिचर्ड बेंटली यांच्या पदव्या त्यांचें म्हणणें न ऐकतां काढून घेतल्या. १७२३ सालीं किंग्ज बेंच न्यायालयानें ही कृति बेकायदा ठरविली. आदमला ईडनमधून घालविण्यापूर्वीं ईश्वरानेंही त्याला जाब विचारला होता, असा दाखला एका न्यायमूर्तींनीं त्या वेळीं दिला. पुढील वर्षीं बेंटलींस पदव्या परत मिळाल्या.

इंग्रजी न्यायालयीन शब्द न्यायासनाच्या बाजूनें बनला आहे. मराठींतील ‘सुनावणी’ पक्षकाराच्या बाजूनें, कारण ‘सुनावणें’ म्हणजे ऐकविणें. एकानें ऐकवावें, दुसऱ्यानें ऐकावें. ऐकून घेणें म्हणजे मान्य करणें नव्हे; परंतु न ऐकतां दिलेला निकाल दोन्ही भाषांत न्याय ठरत नाहीं.