पाऊल कोण उचलते?

माउली, चालताना मागचा पाय पुढे येतो, तो आपण आणतो की आपोआप येतो? प्रश्न पोरकट वाटेल, पण त्याच्या उत्तराला युरोपात ६८ वर्षे लागली.

१८३६ साली जर्मनीत विल्हेल्म आणि एदुआर्द वेबर या भावांनी माणसाच्या चालण्यावर ग्रंथ लिहिला. एक पदार्थविज्ञानाचा अभ्यासक, दुसरा शरीररचनेचा. पावलाची लांबी, त्याला लागणारा वेळ, सारे मोजून त्यांनी सांगितले की, जमिनीवरून सुटलेला पाय घड्याळाच्या लंबकासारखा स्वतःच्या वजनानेच झुलत पुढे येतो. स्नायूंना तेवढाच विसावा. लांबचा पल्ला चालणाऱ्याला हे पटावेच. एकदा लय लागली की पाय आपले आपण चालतात, हे आपणही अनुभवले असेल.

पण फ्रान्समध्ये ड्युशेन नावाच्या डॉक्टरांकडे लकव्याचे रोगी येत. मांडी उचलणारे स्नायू ज्यांचे गेले होते, त्यांचा पाय काही झुलत नव्हता. नुसता लंबक असता, तर त्यांचाही झुलायला हवा होता! वेबरबंधूंच्या साऱ्या मोजमापांपेक्षा मला ही साक्ष मोठी वाटते. ती देणाऱ्यांना धड चालताही येत नव्हते.

तरी आकड्यांचा पुरावा राहिलाच होता. १८९१ मध्ये लाइपझिगला ब्राउने आणि फिशर यांनी एका सैनिकाच्या हातापायांना उजळणाऱ्या काचनळ्या बांधल्या आणि रात्रीच्या अंधारात त्याला चार कॅमेऱ्यांपुढे चालवले. तयारीला कित्येक तास, चालणे मात्र काही पावलांचे. पुढच्याच वर्षी ब्राउने वारले. फिशर एकटे त्या चार पावलांचे गणित मांडत बसले. शेवटचा भाग १९०४ मध्ये छापून आला. उत्तर ड्युशेन यांच्याच बाजूचे निघाले : पाय पुढे यायला स्नायू लागतात, नुसते वजन पुरत नाही.

लंबक मात्र पुरता खोटा ठरला नाही. १९६०च्या दशकात इटलीतील काव्हान्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उलटा करून दाखवला. टेकलेल्या पायावरून सारे अंग कमानीसारखे वर चढते, आणि चढताना खर्चलेल्या शक्तीतली बरीचशी उतरताना वेगाच्या रूपाने परत मिळते. फार सावकाश नाही, फार घाई नाही, अशा चालीत ही बचत सर्वांत जास्त. धावू लागलो की मात्र हा हिशेब मोडतो. दोन्ही पाय क्षणभर अधांतरी असतात. मग टाचेमागची जाड शीर रबरासारखी ताणली जाते आणि सुटताना अंगाला वर उडवते.