पहिल्या पानाचा मान



एखाद्या तालुक्याच्या गावी एक निवृत्त शिक्षक आहेत अशी कल्पना करा. गावच्या बारवा, शिलालेख, जुनी दप्तरे यांची टिपणे करण्यात त्यांचे आयुष्य गेले. नातवाच्या मदतीने त्यांनी ती ब्लॉगवर घातली. वर्ष लोटले, वाचक मिळाले ते पाचपंचवीस, आणि त्यांतही निम्मे घरचेच. त्याच सुमारास दूरच्या शहरातला एक अभ्यासक नेमक्या त्याच बारवेची माहिती शोधत होता; पण त्याला ती सापडली नाही. लिहिणारा आहे, वाचणारा आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही! ही गाठ घालून देणारा आजच्या काळचा मध्यस्थ म्हणजे शोधयंत्र, ज्याला आपण सारे सर्च इंजिन म्हणतो. हा मध्यस्थ कोणाला पुढल्या रांगेत बसवतो, कोणाला मागे लोटतो आणि कशाच्या आधारावर, याचा इतिहास आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

क्रमाचा हव्यास काही संगणकाबरोबर जन्मलेला नाही. अमेरिकेत टेलिफोनच्या व्यावसायिक सूचीत आपले नाव सर्वांआधी यावे म्हणून दुकानाच्या नावामागे ओळीने दोनतीन 'ए' जोडण्याची युक्ती व्यापारी करीत असत. सूची आली की तिच्यात वर चढण्याची विद्याही आलीच.

टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत जागतिक जाळ्याची कल्पना मांडली आणि 1991 मध्ये ते जाळे सर्वांना खुले झाले. पाने वाढू लागली, तशी ती शोधायची कशी हा प्रश्न उभा राहिला. त्याला दोन उत्तरे पुढे आली. 1994 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी याहूची सूची सुरू केली. तिच्यात विषयवार वर्गीकरण माणसे करीत. दुसरे उत्तर यंत्राचे. त्याच वर्षी वेबक्रॉलर आणि लायकॉस, आणि 1995 च्या डिसेंबरात आल्टाव्हिस्टा ही यंत्रे आली. ती पानामागून पाने वाचीत आणि कोणता शब्द कोठे आला याची नोंद ठेवीत.

येथेच पहिली ठिणगी पडली. पानात तो शब्द किती वेळा येतो याला ही यंत्रे फार महत्त्व देत. मग काय विचारता! एकच शब्द शंभर वेळा लिहिलेली पाने निघाली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत शब्दांच्या माळा लपविण्यात आल्या. माणसाला त्या दिसत नसत, यंत्राला मात्र दिसत. पानाच्या डोक्यावर विषयशब्द नोंदविण्याची एक जागा असे; तीही अशीच भ्रष्ट झाली. अखेर 2009 साली गूगलने जाहीर केले, की क्रम लावताना ही नोंद आपण मुळीच विचारात घेत नाही. लेखक स्वतःविषयी जे सांगतो त्यावर विश्वास ठेवता येत नाही, हा या इतिहासातला पहिला धडा होय.

मग विश्वास ठेवावा कोणाच्या साक्षीवर? याचे उत्तर एका जुन्या विद्येत होते. शास्त्रज्ञ आपल्या निबंधात आधीच्या निबंधांचा उल्लेख करतात. या उल्लेखांची पद्धतशीर सूची करावी, असा विचार यूजीन गारफील्ड यांनी 1955 साली मांडला आणि 1964 मध्ये तशी सूची प्रसिद्धही केली. ज्या निबंधाचा उल्लेख इतरांनी वारंवार केला, तो सहसा वजनदार ठरे. हाच न्याय स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी जाळ्याला लावला. 1998 साली त्यांनी आपली पद्धत निबंधरूपाने मांडली. तिचे नाव पेजरँक. एका पानाने दुसऱ्याकडे दुवा दिला की ती झाली एक साक्ष. परंतु सर्व साक्षी सारख्या मोलाच्या नव्हेत. ज्याच्या बाजूने पुष्कळांनी साक्ष दिली आहे त्याचा शब्द जड. आणि जो शेकडो जणांना दुवे वाटत सुटतो, त्याच्या एकेका दुव्याचे वजन त्या मानाने हलके. गावातही असेच चालत नाही काय? वैद्य चांगला की वाईट, हे त्याच्या पाटीवरून कोणी ठरवीत नाही. जाणत्याने नाव सुचवले तर आपण त्याच्याकडे जातो.

पण जेथे साक्षीला मोल आले, तेथे खोटे साक्षीदारही उभे राहिले. दुव्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. केवळ एकमेकांना दुवे देण्यासाठी शेकडो पोकळ पाने उभारली गेली. परक्याच्या ब्लॉगवर अभिप्रायाच्या मिषाने आपला पत्ता चिकटविण्याचा तर एवढा सुळसुळाट झाला, की 2005 च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक खूण ठरविली: ज्या दुव्यावर ती असेल तो साक्ष म्हणून धरायचा नाही. यात गुंतलेले सारेच भुरटे होते असेही नव्हे. 2006 साली बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ, यंत्राला एक आणि माणसाला दुसरेच पान दाखविल्यावरून गूगलने काही दिवस सूचीबाहेर काढले होते. 2011 साली न्यूयॉर्क टाइम्सने जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानाचे प्रकरण उघड केले. असंबद्ध संकेतस्थळांवर त्याच्याकडे नेणारे हजारो दुवे पेरलेले आढळले आणि ते दुकान पहिल्या पानावरून खाली घसरले. त्याच वर्षी उथळ मजकुराविरुद्ध 'पांडा' आणि 2012 मध्ये बनावट दुव्यांविरुद्ध 'पेंग्विन' या नावांनी गूगलने आपले नियम बदलले. युक्तीने मिळविलेला मान एका रात्रीत गेला.

मराठी माणसाला या इतिहासात एक वेगळीच अडचण सोसावी लागली. जाळ्यावर मराठी आली, पण बरीच वर्षे ज्याचा त्याचा स्वतंत्र फाँट होता. पडद्यावर अक्षर देवनागरी दिसे, मात्र यंत्राच्या पोटात रोमन चिन्हांचा निरर्थक खिचडा असे. माणूस वाचू शके, यंत्राला मात्र त्यातला एकही शब्द कळत नसे. युनिकोड या सामाईक संकेतात देवनागरीला 1991 सालीच जागा मिळाली होती, पण तो सर्वसामान्यांच्या संगणकावर रुळायला कित्येक वर्षे जावी लागली. त्या काळात कितीतरी मराठी लेखन छापले गेले आणि शोधणाऱ्याच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच राहिले.

आता त्या शिक्षकांकडे परत येऊ. या इतिहासातून त्यांनी काय घ्यावे? लेख युनिकोडमध्ये असावा. हस्तलिखिताचे नुसते छायाचित्र पुरत नाही. मथळा 'आठवणींच्या काठावर' असा न ठेवता त्यात गावाचे नाव आणि 'बारव' हा शब्द असावा, कारण शोधणारा तोच शब्द लिहिणार. कोणी 'पायविहीर' म्हणेल, कोणी 'स्टेपवेल'. हे शब्दही मजकुरात सहज ओघात यावेत, ठासून भरू नयेत. चित्राखाली ते कशाचे आहे हे लिहावे. पान मोबाइलवर चटकन उघडावे. आणि शेजारच्या गावच्या अभ्यासकाला, ग्रंथालयाला, महाविद्यालयाला लेख दाखवावा. तो त्यांना उपयोगी वाटला तर ते आपण होऊन दुवा देतील. तीच खरी साक्ष. पैसे घेऊन पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी कोणी दिली तर त्याला दारातूनच नमस्कार करावा. जाहिरातीची जागा विकत मिळते, खालच्या क्रमवारीतली नव्हे. आणि तिची हमी कोणालाही देता येत नाही, असे गूगल स्वतःच सांगते.

परंतु मध्यस्थाला मोकळे सोडूनही चालणार नाही. जाहिरातीवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकेल, ही भीती पेज आणि ब्रिन यांनी 1998 च्या त्याच निबंधात व्यक्त केली होती. दोनच वर्षांनी त्यांच्या कंपनीने जाहिराती विकायला आरंभ केला! 2024 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एका संघीय न्यायाधीशाने निर्णय दिला, की गूगलने शोधाच्या क्षेत्रातली आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकविली. त्याच वर्षापासून गूगल कृत्रिम बुद्धीने रचलेले उत्तर यादीच्याही वर दाखवू लागले. म्हणजे शिक्षकांची माहिती वाचकापर्यंत पोहोचेल, पण वाचक शिक्षकांच्या दारापर्यंत येईलच असे नाही. हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

म्हणून शोधणाऱ्यांचीही एक जबाबदारी आहे. पहिल्या ओळीवर न थांबता खाली उतरावे, दुसरे पानही उघडावे, आणि चांगले काही सापडले तर चार जणांना सांगावे. यंत्राने क्रम लावायचा तो शेवटी माणसांच्याच साक्षीवरून. आपण साक्षच दिली नाही, तर ती विकणाऱ्यांचे फावेल आणि आपल्या गावची बारव कोणाच्याच नजरेस पडणार नाही.