महाडीबीटी शिष्यवृत्ती : फॉर्म भरला, पण पैसे कुठं अडकतात? जाणून घ्या सविस्तर

बारावीचा निकाल लागला, पोराचा किंवा पोरीचा नंबर लांबच्या कॉलेजात लागला, की घरात पहिला प्रश्न पडतो फीचा. मग कुणी सोसायटीचं कर्ज काढतं, कुणी जनावर विकतं. पण अनेक घरांना सरकारी शिष्यवृत्ती लागू असते. ती मिळत नाही, कारण 'कॅफेत जाऊन फॉर्म भरला' म्हणजे काम झालं असं समजून पुढं कुणी बघतच नाही. खरं काम फॉर्म भरल्यावरच सुरू होतं.

कुणाला काय मिळतं?

राज्यातल्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. मुख्य योजना अशा :

* अनुसूचित जाती व जमाती : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २.५ लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. यात फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही येतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या घरचं उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल, तर फक्त शिक्षण व परीक्षा शुल्काची 'फ्रीशिप' आहे.
* खुला प्रवर्ग : उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे ५० टक्के फी माफ. कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो.
* मुली : २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत १०० टक्के शिक्षण व परीक्षा शुल्क सवलत. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख.
* वसतिगृहात जागा न मिळालेले अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. मुंबई, पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत, लहान ठिकाणी रक्कम कमी. हा अर्ज समाज कल्याण विभागाकडे वेगळा करावा लागतो.

लक्षात ठेवा : इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या कोर्सला प्रवेश सरकारी कॅप फेरीतून झालेला असावा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर फी सवलत मिळत नाही. डोनेशन देऊन सीट घेण्याआधी हा हिशेब घरात नक्की करा.

अडतं कुठं? तीन जागा

१. बँक खातं. पासबुकावर आधार नंबर टाकलेला आहे म्हणजे पैसे येतील असं नाही. डीबीटीसाठी आधार बँकेशी 'सीडिंग' झालेलं लागतं आणि ते एका वेळी एकाच खात्याला होतं. पोराने शहरात गेल्यावर नवीन खातं उघडलं आणि तिथं संमतीची सही केली, तर पैसे त्या नव्या खात्यात जातात. घरचे मात्र गावातल्या बँकेत चकरा मारत बसतात. 'माय आधार' संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' मध्ये कोणती बँक जोडली आहे ते मोबाईलवर दिसतं. काहीच जोडलेलं नसेल तर बँकेत सीडिंगचा फॉर्म द्या, किंवा पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून घ्या.

२. परत आलेला अर्ज. अर्ज आधी कॉलेजचे क्लार्क बघतात, मग प्राचार्य, मग जिल्ह्याचं कार्यालय. दाखला अस्पष्ट असेल किंवा नाव जुळत नसेल, तर अर्ज विद्यार्थ्याकडे परत येतो. दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर तो तिथंच पडून राहतो. कॅफेवाल्याचा मोबाईल नंबर टाकला असेल तर मेसेज त्यालाच जातो. म्हणून नंबर स्वतःचाच द्या, युजरनेम आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा, दर आठवड्याला स्थिती बघा.

३. दुसरं वर्ष. शिष्यवृत्ती आपोआप पुढं चालू राहत नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावाच लागतो. पहिल्या वर्षी पैसे आले आणि दुसऱ्या वर्षी बंद झाले, तर आधी हेच तपासा.

कागदपत्रं आधीच काढून ठेवा

* तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
* जातीचा दाखला, व्यावसायिक कोर्स असेल तर जात वैधता प्रमाणपत्र
* गरजेनुसार नॉन क्रिमीलेयर
* अधिवास प्रमाणपत्र आणि रेशनकार्ड
* दहावीपासूनच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला
* कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती
* मधे वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट

जून-जुलैत सेतूवर झुंबड उडते. जात वैधतेला तर वेळ लागतोच, त्यामुळे अकरावी-बारावीतच अर्ज टाकलेला बरा.

कॉलेज पूर्ण फी मागतंय?

शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशावेळी माफ असलेली फी घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. पूर्ण फी मागितली तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर अनुसूचित जातीसाठी जिल्ह्याचं समाज कल्याण कार्यालय, जमातीसाठी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय इथं जा. पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या बाजूचीही आहे. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली फीची रक्कम कॉलेजची असते, ती लगेच भरून पावती घ्यायची. घरखर्चात गेली, की कॉलेज परीक्षेच्या तोंडावर बाकी मागतं आणि पोराची अडचण होते.

पोर्टलवर अर्जाला सरकारी फी नाही. 'इतके द्या, मंजूर करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे आणि ओटीपी दोन्ही देऊ नका. मुदत दरवर्षी पोर्टलवर जाहीर होते, शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. गावातलं कुणी यंदा कॉलेजात जात असेल तर ही माहिती त्यांच्या घरी नक्की पोहोचवा.