बेचक्यावरचे विणकाम

झाडाच्या बेचक्याचाच माग करून त्यावर जुन्या कपड्यांच्या पट्ट्या विणायच्या आणि ते भिंतीवर टांगायचे, असा हा प्रकार आहे. फांदी पेरूची उत्तम. शेवग्याची ठिसूळ असते, दोऱ्याच्या ताणाने मोडते. फूटभराचे बेचके 3-4 आठवडे सावलीत वाळवावे. इथे घाई नको; ओले लाकूड वाळताना आकसते आणि ताणा सैल पडतो.

जाड सुती दोरा एका फाट्यावरून दुसऱ्यावर नेत, दर वेळी दोन वेढे देऊन, अर्ध्या अर्ध्या इंचावर ताणावा. सुती कापडाला कात्रीने खाच देऊन इंचभर रुंदीच्या पट्ट्या हाताने फाडाव्यात, सरळ निघतात. पॉलिस्टर मात्र कापावेच लागते. पट्टी एका दोऱ्याखालून, पुढच्यावरून अशी न्यावी. वळवताना ओढू नये, कडेचा दोरा वाकतो.

लुगड्याचा विरलेला भाग इथे उपयोगाचा नाही, तो गोधडीतच घालावा. काठ मात्र टिकतात. पण आजीचे इरकली फाडण्याआधी घरात सगळ्यांना विचारा. आमच्याकडे मी विचारले नव्हते. बहीण अजून बोलून दाखवते. निदान वीतभर काठ पदरासकट न कापता राखून ठेवावा.