चारही दिशांचा संघ

नेटवर्क थिअरी म्हटलं की कॉम्प्युटर आठवतात, पण मूळ कल्पना साधी आहे. ठिपके काढायचे, ज्यांचा एकमेकांशी संबंध त्यांच्यात रेघा ओढायच्या, आणि मग रेघांकडे बघायचं. रेल्वेच्या नकाशात कल्याण मोठं वाटतं ते तिथे मार्ग फुटतात म्हणून.

हीच युक्ती अलीकडे बौद्ध धर्माच्या इतिहासालाही लावली जाते. आपली सह्याद्रीतली लेणी त्यासाठी फारच सोयीची, कारण इथले बरेच दाते शिलालेखात आपलं गाव सांगतात. असा प्रत्येक लेख म्हणजे एक रेघ. एका टोकाला दात्याचं गाव, दुसऱ्या टोकाला लेणं.

कार्ल्याच्या चैत्यगृहाकडे धेनुकाकट आणि सोपाऱ्याहून रेघा येतात. एक तर थेट वैजयंतीहून, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीहून. कान्हेरीला कल्याणचे दाते पुन्हा पुन्हा भेटतात (कल्याण तेव्हाही जंक्शनच!). गंमत धेनुकाकटाची आहे. ते नेमकं कुठे होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण कार्ल्याच्या खांबाखांबावर त्याचं नाव आहे. नकाशावर न सापडणारं गाव जाळ्यात मात्र ठळक दिसतं! लेणी म्हणजे जगापासून तुटलेला एकांत, ही समजूत मग टिकत नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलं की नवी माहिती जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. मला लगेच नाशिकच्या पांडवलेण्यांतला इंद्राग्निदत्त आठवतो. हा यवन, उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा. त्याची रेघ एकटीच, पण केवढी लांब!

आता या पद्धतीची मर्यादा. लेणं खोदून, लेख कोरून घ्यायला पैसा लागतो. भिक्षापात्रात रोज मूठभर अन्न घालणाऱ्या बाईची रेघ कुठेच उमटत नाही. आणि इंद्राग्निदत्ताने ते लेणं आईवडिलांच्या नावाने, मुलाला सोबत घेऊन दिलं, हे कुठल्या आकडेमोडीत बसवायचं?

दान दिलं कुणाला? लेख सांगतो, चारही दिशांच्या भिक्षुसंघाला. म्हणजे त्या दिवशी तिथे राहणाऱ्यांपुरतं नाही, पुढे कुठूनही जो येईल त्यालाही. अजून न ओढलेल्या रेघांसाठी त्या माणसाने जागा करून ठेवली होती. आपल्या आकृत्यांमध्ये तेवढीच गोष्ट दाखवता येत नाही.

असो. पुढच्या वेळी लेणी बघायला जाल तेव्हा मूर्तींइतकाच वेळ त्या झिजलेल्या अक्षरांनाही द्या.