चिपवरचा नंबर

१५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलनं मुंबईत इंटरनेट खुलं केलं. पुढं लिनक्सवाल्यांना छळलं ते विनमोडेमनं: सिग्नलचं काम तो विंडोजच्या ड्रायव्हरवर सोपवी. सीरियल पोर्टचा बाहेरचा मोडेम मात्र बिनबोभाट चाले.

शहाडहून कल्याण, दादर करत ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोडचा संगणकबाजार. तिथं जुनं नेटवर्क कार्ड घेताना चिपवर ‘आरटीएल८१३९’ दिसलं की निश्चिंत व्हावं. लिनक्स ते लगेच ओळखतं.

वायफायनं घोळ वाढवला. ब्रॉडकॉमच्या चिपला वेगळं फर्मवेअर लागे. ते उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी तेच फर्मवेअर! जानेवारी २००८मध्ये लिनक्स कर्नल २.६.२४सोबत या चिपसाठी बी४३ ड्रायव्हर आला, फर्मवेअर बाहेरच राहिलं. जून २०२३च्या डेबियन १२ या लिनक्स वितरणापासून बरीच फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळतात. बी४३चं मात्र अजूनही केबल लावून किंवा पेनड्राइव्हवरून आणावं लागतं.