गळ गुंडाळल्यावरची पुस्तकं

इंग्लंडातल्या ट्राउट माशाच्या नद्या हिवाळ्यात बंद असतात. शरद ऋतू संपता संपता गळ गुंडाळून ठेवायचा तो थेट वसंतात बाहेर काढायचा, असा तिथला शिरस्ता. मधल्या महिन्यांत शौकीन मंडळी शेकोटीजवळ बसून गरीवर पिसं, लोकर आणि रेशमाचा दोरा गुंडाळत खोट्या माश्या बांधतात आणि पुस्तकं वाचतात. मासे धरण्यावर इंग्रजीत जितकं प्रेमानं लिहिलं गेलं, तितकं फार थोड्या छंदांवर लिहिलं गेलं असेल.

सोलापूरला हिवाळा म्हणजे हुरडा आणि गड्ड्याची जत्रा. पाणी निवळलेलं असतं आणि एकरुख तलावाच्या काठावर बसायला ऊनही हवंसं वाटतं. इथला बंद काळ आषाढ-श्रावणाचा. शहरात पाऊस पडो न पडो, सह्याद्रीवरचं गढूळ पाणी भीमेतून उजनी धरणात येतं, माशांची वीण होते आणि श्रावणात कित्येक घरांत मासे शिजत नाहीत. चातुर्मास हे तसेही आपले पोथी वाचण्याचे महिने. या महिन्यांत वाचावीत अशी माशांची पुस्तकं शोधायला सोलापूरकराला लंडनपर्यंत जावं लागत नाही. त्यातलं सर्वांत जुनं पुस्तक हैदराबादच्या रस्त्यावर, नळदुर्ग आणि उमरगा ओलांडलं की लागणाऱ्या बसवकल्याणात लिहिलं गेलं.

बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. विक्रमादित्य सहावा इथून राज्य करत होता तेव्हा त्याच्या दरबारात काश्मीरचा कवी बिल्हण होता आणि ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वरही होता. विक्रमादित्याचा मुलगा सोमेश्वर तिसरा ११२६च्या सुमारास गादीवर आला. त्यानं तलवार फारशी गाजवली नाही, पण शके १०५१च्या, म्हणजे ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्य कसं मिळवावं इथपासून हत्तीची परीक्षा, रत्नं, चित्रकला, स्वयंपाक, संगीत आणि खेळांपर्यंत सगळं त्यात आहे. सोन्नलिगे, म्हणजे आजचं सोलापूर, याच राज्याचा भाग होतं. सिद्धरामेश्वरांनी गावात तळं खोदलं ते याच शतकात.

मराठी वाचकाला ‘मानसोल्लास’ माहीत असतो तो दोन कारणांनी. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंद त्यात आहे. आणि पुरणपोळीचा, मांड्यांचा जुना पुरावा हवा असला की लेखक त्याच्याच पानांकडे वळतात. पण चौथ्या विंशतीत, म्हणजे वीस अध्यायांच्या चौथ्या भागात, राजाच्या करमणुकींमध्ये, ‘मत्स्यविनोद’ नावाचं एक प्रकरण आहे. त्याची आठवण भीमेच्या खोऱ्यात फारशी निघत नाही, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे. इतकं बारकाईचं लेखन दरबारी विद्वानाला ऐकीव माहितीवर साधत नाही. हे लिहिणारा काठावर बसलेला होता.

सोमेश्वर पस्तीसेक जातींचे मासे नावानिशी सांगतो. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, नुसत्या कातडीचे कोणते, मोठे-मध्यम-लहान कोणते, अशी त्यांची वर्गवारी लावतो. मग येतं खाणं. कोणता मासा पिठाला आणि पेंडीला येतो, कोणाला मांसच लागतं, हे वेगवेगळं सांगितलं आहे. माशांना आधी खाऊ घालून एका जागेची सवय लावायची आणि मगच गळ टाकायचा, हा त्यातला क्रम आजही तळ्याकाठी पेंडीचे गोळे टाकणाऱ्या माणसाला तोंडपाठ असतो. काठी, दोरी, गरी, आमिष आणि अडकलेल्या माशाला दमवण्याची रीत, सगळ्याचा विचार तिथे आहे.

पिसांची माशी मात्र तिथे नाही. तो शोध दुसरीकडचा. मॅसिडोनियातले लोक गरीला तांबडी लोकर आणि पिसं बांधून मासे फसवतात, असं एलियन नावाच्या रोमन लेखकानं इसवी सन २००च्या आसपास लिहून ठेवलं. इंग्रजीत गळावरचा पहिला छापील निबंध आला १४९६मध्ये. तो ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर सांगितला जातो आणि त्यात बारा माश्यांची कृती आहे. आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३चं. त्यातला खोट्या माशीचा खरा भाग लिहिला तो त्याचा मित्र चार्ल्स कॉटन यानं, १६७६च्या आवृत्तीसाठी. बर्नर्सबाईंचा निबंध छापला गेला तेव्हा सोमेश्वराच्या ग्रंथाला साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली होती.

त्यानंतरही सोमेश्वराचा ग्रंथ हस्तलिखितांतच होता. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत जी. के. श्रीगोंदेकरांनी त्याचा पहिला खंड १९२५मध्ये आणि दुसरा १९३९मध्ये संपादित करून छापला. १९५१मध्ये सुंदरलाल होरा यांनी ‘मत्स्यविनोदा’वर सविस्तर निबंध लिहिला. होरा हे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक, माशांचे मोठे जाणकार. नुसत्या संस्कृत पंडिताला जिथे कोश उघडावा लागला असता, तिथे त्यांना मासा दिसला.

श्रीगोंदेकर हे आडनाव ज्या श्रीगोंद्यावरून पडलं, त्याच तालुक्यात भीमेकाठी पेडगाव आहे, आणि कपाटातलं दुसरं पुस्तक तिथे नेतं. खरं तर तो एक लांबलचक लेख आहे. कर्नल विल्यम सायक्स १८२४पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची मोजदाद करत फिरत होता. जाता जाता त्यानं मुळा-मुठा, घोड आणि पेडगावजवळची भीमा या नद्यांतले मासे गोळा केले, आणि १८३९च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र सोसायटीपुढे त्यांची वर्णनं ठेवली. त्याची एक गोष्ट फार मोलाची. शास्त्रीय नावं देताना त्यानं मासे धरणाऱ्यांच्या तोंडची मराठी नावंच उचलली. म्हणून जगभरच्या ग्रंथांत आजही टॉर ‘खुद्री’ आहे, गारा ‘मुल्या’ आहे, स्पेराटा ‘सिंघाला’ आहे. ज्या माणसांनी ती नावं सांगितली त्यांची नोंद राहिली नाही, त्यांचे शब्द राहिले.

तिसरा ग्रंथ हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या मुलकी अधिकाऱ्याचा. त्याचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३मध्ये मंगळूरला छापलं गेलं, सोलापूरजवळचा एकरुख तलाव पुरा झाल्यानंतर दोनच वर्षांनी. विलायतेतल्या सॅमन माशापेक्षा इथला महाशीर अधिक झुंजतो, हे त्यानं ठासून सांगितलं. १८८७मध्ये त्यानं नुसत्या तलावांतल्या मासेमारीवर वेगळं पुस्तक लिहिलं. नदी आटते पण तळं राहतं अशा सोलापूरसारख्या मुलखाला हे दुसरं पुस्तक अधिक जवळचं.

या पुस्तकांचा उपयोग करमणुकीपुरता नाही. कोणता मासा कोणत्या पाण्याचा, हे ती सांगतात. सायक्सचा खुद्री महाशीर कमी होत चालला तेव्हा १९७०च्या दशकात सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी लोणावळ्याजवळ टाटांच्या वळवण केंद्रात त्याची कृत्रिम वीण साधली. काम मोठं होतं आणि खुद्री वाचला. पण तिथली पिल्लं दूरच्या कावेरीतही सोडली गेली आणि तिथला मूळचा कुबडा महाशीर मागे हटत गेला. त्या कुबड्या माशाचं शास्त्रीय नाव नक्की झालं २०१८मध्ये, तेव्हा तो नामशेष होण्याच्या काठावर होता. भीमेचंही पाणी बदललं आहे. १९८०मध्ये उजनी धरण उभं राहिलं, वाहत्या नदीचा फुगवटा झाला, आणि आज जाळ्यात येते ती बहुतेक चिलापी, जी मूळची आफ्रिकेतली.

जुन्या ग्रंथांतली आणि लोकांच्या तोंडची नावं जोडण्याचा धडा सोलापूरच्याच माणसानं घालून दिला आहे. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली सोलापुरात १९३२मध्ये जन्मले, वनखात्यातली बरीच उमर विदर्भाच्या जंगलांत काढली आणि २०२५च्या जूनमध्ये सोलापुरातच गेले. हंसदेवाचं संस्कृत ‘मृगपक्षिशास्त्र’ त्यांनी मराठीत आणलं. आदिवासींनी आणि धीवरांनी सांगितलेली नावं ते संस्कृत ग्रंथांतल्या नावांशी ताडून पाहत. ‘मत्स्यविनोदा’चंही असं सुटं मराठी पुस्तक, चित्रांसह आणि टिपांसह, सोलापुरातच निघायला हवं. सोमेश्वराच्या यादीतल्या एकेका माशापुढे सायक्सनं टिपलेलं नाव यावं, आणि त्याच्याही पुढे पंढरपूरचे, टेंभुर्णीचे, भिगवणचे मासे धरणारे आज त्याला काय म्हणतात ते, त्यांच्याकडे जाऊन, विचारून लिहिलेलं.